दादा, वेणी सोड

नाही, नाही — मीट आधी तोंड. मीट. हां. एक अक्षर नाही. 'आत्या' म्हणून हाकसुद्धा नको मारूस, मला कळलं तू कोण ते, शिडीवरून डोकं वर आलं तेव्हाच कळलं — कपाळ अगदी माझ्या भावाचं, म्हणजे तुझ्या बापाचं. नुसती मान हलव. शिंक आली तर शिंक, खोकला आला तर खोक, त्यातलं त्याला काही कळत नाही. कोणाला म्हणजे — ह्याला, ज्याच्या छातीत आपण बसलोय त्याला. ही पितळी जाळी दिसते ना, हिच्यामागे त्याचा कान आहे. आणि ही किल्ली. सकाळी साहेबांसमोर मीच फिरवली, म्हणजे कान आत्ता सताड उघडा आहे. माझा आवाज त्याला जुना, मी दिवसभर बडबडले तरी काही फरक पडत नाही. पण नवा आवाज आला — कुजबुज का असेना — की धरलाच त्याने. मग मी मोकळी आणि तू ह्या खुर्चीत, कायमची. खाली तुला आवाजाची चाचणी आहे असं सांगितलं असेल. सांगितलं ना? वाटलंच मला.

हे बघ, मी काही तुला अडवत नाहीये. उलट मला तर हवंच आहे तू बोलावंस — सुटायला कोणाला नको असतं? साहेबांनी मला बजावूनच ठेवलंय, पोरीला बोलती करा, तुम्हाला गप्पा छान जमतात. करीन की. फक्त आधी माझं ऐकून घे, मग तुझं तू ठरव. मला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, तुला निदान विचारलं असं तरी होऊ दे. बस ना. करकरते ती खुर्ची, पण मोडत नाही. ती उशी माझी आहे, कमरेमागे घे — नको? तुझी कंबर अजून कंबर आहे, बरोबर. हा थर्मास, ही गरम पाण्याची पिशवी, हे अर्धवट विणलेलं काहीतरी, मोजा होणार होता, आता काय होईल देव जाणे. आणि समोर ही काच. गाव बघ कसं दिसतंय इथून, छान ना — वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसतात. मी रोज बघते. त्या निळ्या इमारतीतली बाई रोज तीच चादर वाळत घालते, मी तिला कधी भेटलेली नाही, पण एक दिवस चादर दिसली नाही तर मला चैन पडत नाही.

तुम्हाला धडा आहे ना ह्याच्यावर शाळेत? 'नगररक्षक क्रमांक एक'. दोन कधी झालाच नाही, पण एक म्हटलं की भारदस्त वाटतं. आम्ही ह्याला थोरलाच म्हणतो. तर धड्यात काय शिकवतात — थोरला उठताना जी हाक येते, 'दादा, वेणी सोड', तिचा अर्थ. काळाने मानवाला घातलेली वेणी, ती सोडवण्याचं आवाहन, पाच गुणांना येतो तो प्रश्न. अगं कसला काळ आणि कसलं आवाहन! तुझ्या बापाने माझी वेणी ओढली होती. शाळेची सहल आली होती आमची इथे, थोरला नवा कोरा, हा एवढाला लोखंडी यंत्रमाणूस, अंगणात गुडघे मुडपून बसलेला. मधल्या सुट्टीत आम्ही दोघं भावंडं शिडी चढलो, कोण आधी वर पोचतं म्हणून. मी पुढे. मी पुढे म्हटल्यावर दादाला कुठलं सहन होतंय, त्याने मागून वेणी धरली आणि मी ह्या जाळीपाशी येऊन, अगदी रडकुंडीला येऊन ओरडले — आणि थोरला उभा राहिला. दादा आपटला तो थेट पायथ्याच्या वाळूत. मी आत. वय चौदा. तेव्हापासून ह्याला उठवायचं तर तेच शब्द, त्याच सुरात, शेवटचा 'सोड' लांबवून, रडका. केस पिकले, कापून टाकले, वेणी घालायला काही उरलेलं नाही, पण सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात मी अजून दादाला वेणी सोडायला सांगते. आणि ज्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने हा बांधला — पांढरी दाढी, एका डोळ्यावर काळी काच, हसताना सगळं अंग हलायचं — तो म्हणाला, बाळ, हे कसं सोडवायचं ते मी तुला उद्या सांगतो. आणि गेला त्याच रात्री. असल्या कामातले शास्त्रज्ञ सांगायची वेळ आली की बरोबर मरतात.

किल्ली बऱ्याच वर्षांनी सापडली, ह्याच खुर्चीखाली. मग ऑफिसने माणसं बसवून बघितली. पहिलवान आणले, गाणारे आणले, छातीवर पदकं लावलेले एक मोठे अधिकारी आले, त्यांनी घसा खाकरून 'आक्रमण' म्हटलं आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. थोरला ढिम्म. त्याला लाज कळते बघ. आवाजात जरा जरी लाज असली ना, की तो ऐकत नाही. म्हणून तर सगळीकडे चौदा वर्षांची पोरं धरून आणतात. शूर असतात म्हणून नाही — त्या वयात बिनलाजं ओरडता येतं म्हणून. त्यात पुन्हा घराण्याचाच आवाज लागतो म्हणे, मग चुलत-मावस करत करत गाडी येऊन थांबली तुझ्यापाशी. माझा मुलगा? तो मोठा झाला आता, आणि त्याचा आवाज… त्याचं सांगते नंतर.

हल्ल्याची नावं मीच ठेवलीत. चौदाव्या वर्षी. ठोसा मारायचा तर 'प्रलयंकारी वज्रमुष्टी', आग ओकायची तर 'सहस्रसूर्य महाज्वाला' — हस, हस, हसण्यात शब्द नसतो, हसलीस तर चालतं. आणि लाथ. लाथेच्या वेळी मला नाव सुचलंच नाही, समोरून पलीकडच्या किनाऱ्याचा थोरला, तो शिंगवाला, धावून येतोय, आणि मला त्या दिवशी हेडमास्तरांनी वर्गाबाहेर उभं केलं होतं, त्याचा राग डोक्यात. तोंडातून निघून गेलं — 'टकल्या सरांच्या बैलाला'. झालं, नोंद झाली. तेव्हापासून प्रत्येक लाथेला सगळ्या गावात सरांचा उद्धार. सर अजून आहेत, बरं का. एकदा आले होते इथे, काठी टेकत, धापा टाकत. मला वाटलं आता काही खरं नाही. तर खुर्चीत बसले, पाणी प्यायले, म्हणाले की बाई, तू नाव घेत नाहीस हे उपकारच आहेत, फक्त लाथा जरा कमी घालता आल्या तर बघ. तेव्हापासून मी जास्त करून ठोशांवरच भागवते.

आणि हल्ल्याचं नाव पुरतं म्हणून होईपर्यंत समोरच्याने हलायचं नाही. असा कुठे नियम लिहिलेला नाही, पण दोन्ही बाजू पाळतात. तू गच्चीवरून बघितलंच असशील — मी नाव घेत असते, तो शिंगवाला हात वर करून नुसता उभा. त्याची पाळी आली की मी उभी. एकदा मला मध्येच ठसका लागला, तर तो तसाच थांबला बिचारा, मी झाकण उघडून पाणी प्यायले, नाव पूर्ण केलं, आणि मग त्याने मार खाल्ला. कशावरून भांडतोय आपण त्या पलीकडच्या किनाऱ्याशी? तुला माहीत आहे? मलाही नाही. खाडीतला कुठलासा खडक आहे म्हणे. पण हे एवढं ऑफिस, गाड्या, कँटीन, गच्च्यांवरच्या खुर्च्यांची भाडी — खडक मिळून गेला तर ह्या सगळ्यांनी करायचं काय?

मी काय सांगत होते — हां, आवाज. तुला वाटेल एवढंच ना, आठवड्यातून एकदा वर यायचं, ओरडायचं, घरी जायचं. तसं नाही गं. किल्ली बंद असते तेव्हा त्याला माझं हळू बोलणं ऐकू येत नाही, पण मी मोठ्याने ओरडले ना, गावात कुठेही, तर त्याला कळतं. शब्द ओळखीचा नसला तरी काहीतरी हलवतोच. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या पायावर पाटा पडला, मी किंचाळले, ह्याने हात वर केला आणि पाण्याची टाकी गेली. तेव्हापासून मला खाली त्याच्या टाचेत खोली दिली, भिंतींना गाद्या ठोकलेली. नवरा रविवारी डबा घेऊन येतो. आम्ही भांडतो, नाही असं नाही — पण कुजबुजत. कुजबुजत भांडून बघ एकदा, जेवणात मीठ नसल्यासारखं लागतं. आणि बाळंतपण — तुला सांगू का नको, लहान आहेस, पण सांगतेच — बाळंतपणात माझ्या तोंडात टॉवेल कोंबला होता. कळा येतायत, आणि ऑफिसचा माणूस दाराशी उभा राहून सांगतोय, ताई, आवाज नको, खाली वस्ती आहे. मी नाही ओरडले. मुलगा झाला. त्याच्यावर कधी ओरडले नाही, रस्त्यात धावत सुटला तरी मागून हाक मारली नाही, नुसती धावले. आता मोठा झालाय, परवा आला होता, तर मला म्हणतो, आई, तू माझ्यावर कधी रागावलीच नाहीस, तुला माझं काही वाटायचंच नाही का? त्याचा आवाजही असा, कोणाला ऐकू जाऊ नये असा झालाय. आमच्या घरात सगळे तसेच बोलतात.

म्हणून म्हणते, सुटायचंय मला. खोटं कशाला बोलू? मला एकदा दार धाडकन लावून पोटभर भांडायचंय. मुलाला खिडकीतून ओरडून सांगायचंय की स्वेटर घालून जा. एवढंच, जास्त काही नाही. आणि तू एक शब्द बोललीस की ते सगळं आजच्या आज — दुपारच्या चहालाच.

काय आहे हातावर? दाखव. लपवू नकोस, दाखव. पेनाने… 'विश्वविध्वंसक चंद्रचक्र'. 'अनंतनाद अंतिम प्रहार'. अगं, छान आहेत की. माझ्यापेक्षा चांगली आहेत. आरशासमोर म्हणून बघितलीस? हो? हात कसे करायचे तेही ठरवलंयस? म्हणजे तुला हवंच आहे हे. मग प्रश्नच मिटला. मी उगीच जिवाला घोर लावून घेते. साहेब खाली खूश, तुझ्या बापाला — नको, दादाचं नाव नको, त्याला काय मिळणार आहे ते तो बघेल — आणि मी खाली उतरले की तू इथे, छान, काच, गाव, चादर. माझा घसा तर बसलाच आहे, डॉक्टरांनी बघितलंय, मोठा आवाज आता निघणारच नाही म्हणालेत, म्हणजे तसंही कोणीतरी हवंच. बोल मग. त्या जाळीकडे बघ. श्वास घे. हां, आणि पहिला शब्द नीट निवड, त्यावरच तो उठेल जन्मभर, माझ्यासारखं नको व्हायला. घे श्वास —

गप्प!

…थांब. थांब, घाबरू नकोस. बोटं हलली त्याची, बस, दुसरं काही नाही. कबुतरं उडाली. धर मला. नाही ना बोललीस? मान हलव. नाही. बरं.

हो, ऐकलंस तू. बघू नकोस अशी. घसा काही बसलेला नाहीये माझा. डॉक्टरांपुढे नाटक केलं, महिनाभर करतेय. हे सांगायचं नव्हतं तुला. आता ऐकलंसच तर सगळं ऐक.

तो शिंगवाला होता ना — आतला माणूस, त्याला मी कधी बघितलेलं नाही, पण तीस-पस्तीस वर्षं समोरासमोर ओरडलोय आम्ही. त्याचं उठायचं वाक्य होतं, 'आई, मी येतो गं'. काहीतरी असंच पोरवयात निघून गेलेलं तोंडातून. सुरुवातीला कोवळा आवाज, मग फुटला, मग जाड झाला, मग खोकला लागला. मला त्याचा खोकला कळायचा — आज जास्त आहे, आज बरा आहे. नवऱ्याचा कळत नाही एवढा. ठोसा कुठे मारायचा असतो माहीत आहे ना? छातीत. कारण खुर्ची छातीत असते. तर मागच्या थंडीत मी मारला एक, नेहमीसारखाच, आणि त्यानंतर तो आला नाही. मेला की म्हातारा होऊन घरी बसला, मला सांगत नाहीत. विचारलं मी, अनेकदा विचारलं. साहेब म्हणतात, तुम्ही कशाला मनाला लावून घेता.

मग महिन्यापूर्वी भोंगा झाला, शिंगवाला पाण्यातून वर आला, आणि आतून आवाज — कोवळा. मुलगा की मुलगी कळलं नाही, त्या वयात सारखाच असतो. आणि वाक्य काय माहीत आहे? 'मला शू लागलीय'. तू हसलीस ना तेव्हा गच्चीवर? सगळं गाव हसलं. दोन दिवस गावात त्याच्याच नकला. अगं, त्या पोराला वर आणून बसवलं असेल, चाचणी आहे म्हणून, तासभर ताटकळवलं असेल, आणि त्याने बिचाऱ्याने जे लागलं होतं ते सांगितलं. आता जन्मभर तेच ओरडणार ते. लग्न होईल, केस पिकतील, तरी तेच. माझ्या तोंडात 'प्रलयंकारी' आलं होतं. पुढे 'वज्रमुष्टी' म्हटलं की हात सुटणार. आणि ते पोर हात वर करून थांबलं होतं, माझं नाव पुरं व्हायची वाट बघत, शिस्तीत. मी गळा धरला आणि खाली बसले. म्हटलं, आवाज गेला. ओहोटी लागली तसं ते परत गेलं. ऑफिसला वाटलं, संपली बाई, नवी आणा.

आता कळलं तुला कशाला आणलंय? ते पोर तिकडे, तू इकडे. दोन्ही ऑफिसांना हेच हवंय — नवे आवाज, नव्या खुर्च्यांची भाडी, पुढची तीस वर्षं निश्चिंत. आणि तुझी नावं चांगली आहेत गं, हीच तर पंचाईत आहे. तू मारशील. बिनलाजं, छातीत. किंवा ते मारेल तुला.

मी मात्र कशी अडकलेय बघ. तुला बोलू दिलं तर मी सुटते आणि तुम्ही दोघं अडकता. घसा बसलाय म्हणत राहिले तर उद्या दुसरी भाची आणतील, मग तिसरी, आपल्या घरात पोरी काही कमी नाहीत. आणि घसा चांगला आहे म्हटलं तर मारायला मीच. महिनाभर ह्यातच घोटाळतेय मी, मोजाही पुढे सरकलेला नाही. आज सकाळी तर मी ठरवलंच होतं, पोरीला बोलती करायची, डोळे मिटून घ्यायचे, घरी जायचं. तू शिडी चढत होतीस तोपर्यंत ठरलेलंच होतं.

भोंगा. ऐकलास? आलं ते. बघ, काचेतून बघ, खडकापाशी — शिंगं दिसतायत. चालतंय कसं, पाय मोठे झालेत त्याला. गच्च्या भरल्यासुद्धा, बघ. आणि हे नळीतून साहेब विचारतायत, बोलली का पोरगी, बोलली का. ओरडू दे त्यांना.

नाही, रडू नकोस. रडताना शब्द निघून जातो तोंडातून. इकडे बघ. ही किल्ली फिरवली — बघ, फिरवली. कट्ट वाजलं ना, कान बंद झाला. आता तू काहीही बोललीस तरी चालेल, पण नको बोलूस, मला तुझा आवाज ऐकायचा नाहीये, ऐकला तर माझा विचार बदलेल. आणि ही किल्ली — सरक जरा — ही अशी, ह्या झडपेतून खाली. गेली. खाडीत शोधत बसा म्हणावं.

ऊठ आता. शिडीवर उलटी उतर, पायऱ्या ओल्या आहेत. खाली साहेब भेटतील, त्यांना सांगायचं, आत्याचा घसा उत्तम आहे, लहानपणी होता तस्साच, कोणाची गरज नाही. तुझा बाप उभा असेल कोपऱ्यात, वर बघायचा नाही तो, इतक्या वर्षांत कधी वर आलेला नाही. त्याला सांग, मी रागावलेली नाही म्हणावं. नाही — रागावलेय म्हणून सांग. स्वतःच्या पोरीला शिडीवर चढवताना त्याला काहीच कसं वाटलं नाही, हे विचार त्याला, घरी गेल्यावर, मोठ्या आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. जा. मागे वळून बघू नकोस आणि ते झाकण ओढून घे, नीट लागत नाही ते, दोनदा ओढावं लागतं.

गेली.

हा बाहेर बोलायचा कर्णा कुठल्या बटनावर… हां. ऐकू येतंय का तिकडे? खडकापाशी, शिंगवाल्या, तुलाच. अरे, थांबलं बघ. हात खाली घे बाळा, दुखतील, मी आत्ताच काही हल्ल्याचं नाव घेत नाहीये, नाव संपेपर्यंत तू मारायचं नाहीस आणि मी सुरूच केलेलं नाही, मला बरंच बोलायचंय, मी बडबडी आहे फार, आमच्याकडे सगळे म्हणतात. नीट बस आधी. कमरेमागे उशी दिलीय का तुला कोणी? जेवलंस का?